४५ हजारांत शॉर्टफिल्म: कॅमेरा बघताना आधी माइकचा जॅक बघा

प्रश्न: मी अमळनेरला एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चार मित्र अहिराणीत १२ मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय. आजी आणि नातवाची गोष्ट आहे. अर्धी आजीच्या पत्र्याच्या घरात घडते, अर्धी यावलकडच्या केळीच्या बागेत. शूटिंग मे महिन्यात करायचंय, कारण परीक्षा तेव्हाच संपतात. सगळे मिळून ४५ हजार जमलेत. जळगावच्या एका दुकानदाराने कॅनन १५००डी नवीन, दोन लेन्ससकट सुचवला. भुसावळचे एक लग्नाचे फोटोग्राफर वापरलेला २००डी मार्क टू, १८-५५ लेन्ससह ३० हजारांना देतो म्हणतात. एक मित्र म्हणतो, फोर के नसेल तर फेस्टिव्हलवाले बघतच नाहीत. थांबू, अजून पैसे जमवू आणि सोनी झेडव्ही-ई१० घेऊ. लॅपटॉप आय-फाइव्ह, ८ जीबी रॅमचा आहे. काय करावं?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर: भुसावळचा २००डी मार्क टू घ्या. मात्र तपासल्याशिवाय नको आणि नुसत्या कॅमेरा-लेन्सला २८ हजारांच्या वर नको. उरलेले १७ हजार आवाज, ट्रायपॉड, फिल्टर आणि दिव्यांना लागणारच आहेत. ते आत्ताच बाजूला काढून ठेवा, कारण कॅमेरा हातात आला की बाकीच्या खरेदीवर चार मित्रांचं एकमत होत नाही.

१५००डी बाद होतो तो एकाच कारणाने: त्याला बाहेरचा माइक लावायला जॅकच नाही. आतला माइक मोनो आहे. तो लेन्सची मोटर, बोटांची खुडबुड आणि समोरचा कूलर सगळं सारख्याच प्रेमाने टिपतो. शिवाय स्क्रीन पाठीला घट्ट बसवलेली, बाहेर वळत नाही. जमिनीवर बसलेल्या आजीचा शॉट घ्यायचा तर कॅमेरामनला पालथं पडावं लागेल. व्हिडिओ चालू असताना ऑटोफोकसही चाचपडतो. फोटोसाठी तो चांगला कॅमेरा आहे, दुकानदाराने काही फसवलेलं नाही. तुम्ही ‘कॅमेरा’ मागितलात, त्याने फोटोचा कॅमेरा दाखवला. दुसरी लांब लेन्स फुकट मिळते असं वाटतं, पण दहा बाय बाराच्या खोलीत ती पिशवीतून बाहेरच येणार नाही.

२००डी मार्क टूला ३.५ मिलिमीटरचा माइक जॅक आहे, स्क्रीन बाजूला उघडून फिरते, आणि फुल एचडीत ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस चालतो. स्क्रीनवर आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं की फोकस गुळगुळीत तिथे सरकतो. तुमच्या फिल्मला कॅमेऱ्याकडून एवढंच हवंय. दोन उणिवा माहीत असू द्या: हेडफोनचा जॅक नाही, आणि एका वेळी २९ मिनिटं ५९ सेकंदांच्या पुढे रेकॉर्डिंग जात नाही. दुसरीचा शॉर्टफिल्मला त्रास नाही. पहिलीचा आहे, तिचा तोडगा पुढे येतोच.

मित्राच्या फोर केच्या आग्रहाबद्दल. या कॅमेऱ्यातही फोर के आहे, पण ते वापरू नका. फोर के लावलं की सेन्सरचा मधला भागच वापरला जातो, म्हणजे चित्र दीडपटीहून थोडं जास्त आवळतं, आणि तो चांगला ऑटोफोकसही बंद पडून जुना चाचपडणारा सुरू होतो. त्यात सेकंदाला साधारण १२० मेगाबिट डेटा तयार होतो. तुमच्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर टाइमलाइन अडखळत चालेल आणि एडिटिंगला बसलेला मित्र दुसऱ्या दिवशी येणार नाही. फुल एचडीत सेकंदाला २५ फ्रेमला तेच काम साधारण ३० मेगाबिटमध्ये होतं. फेस्टिव्हलचं म्हणाल, तर थिएटरसाठी जी टूके डीसीपी (पडद्यावर लावायची डिजिटल प्रत) बनते तिची नेहमीची फ्लॅट चौकट १९९८ बाय १०८० पिक्सेलची असते आणि तुमची फुल एचडी १९२० बाय १०८० ची. फरक रुंदीत ७८ पिक्सेलचा. पाठवण्याआधी त्या त्या फेस्टिव्हलचे नियम वाचाच, पण निवड समितीतल्या माणसाच्या हातून फिल्म पहिल्या दोन मिनिटांत बंद होते ती बहुतेक वेळा संवाद कळत नाहीत म्हणून.

झेडव्ही-ई१० वाईट नाही. हेडफोनचा जॅक आहे, २५ फ्रेमला फोर के चित्र न आवळता मिळतं, यूएसबी-सीने पॉवर बँकवरही चालतो. पण नवीन घ्यायचा तर लेन्ससह तुमच्या रकमेत बसत नाही, आणि बसवलात तर माइकला पैसे उरत नाहीत. कॅमेरा झटकन फिरवला की विजेचे खांब तिरके दिसतात. त्याला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळे मेच्या उन्हात स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो. (२००डीला ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर आहे खरा, पण व्हिडिओ सुरू असताना आरसा वर गेलेला असतो, म्हणून त्यातून काळोखच दिसतो. दोन्ही कॅमेऱ्यांना डोक्यावरून काळं कापड घेणं आलं.) झेडव्ही-ई१०साठी वर्षभर थांबू नका. मालेगावच्या मंडळींनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर, सायकलवरून ट्रॉली शॉट आणि बैलगाडीवरून क्रेन शॉट घेत सिनेमे केले, ते तुमच्यापासून फार लांब नाही.

आता भुसावळला जायचं ते हात हलवत नाही. सोबत स्वतःचं मेमरी कार्ड, साधा कॉलर माइक, छोटी बॅटरी म्हणजे टॉर्च आणि लॅपटॉप न्या. लग्नातला कॅमेरा म्हणजे त्याने हळदीची धूळ, मांडवातलं ऊन, वरातीतला धूर सगळं सोसलेलं असतं. त्यातही एक गोष्ट हल्ली सगळ्यात आधी बघायची: डीजेचा लेझर. वरातीतला लेझर थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सर जळतो. पांढऱ्या भिंतीवर कॅमेरा रोखून अर्धा मिनिट व्हिडिओ घ्या आणि तो लॅपटॉपवर पूर्ण स्क्रीनवर बघा. एखादी सरळ आडवी किंवा उभी रंगीत रेघ, किंवा जागचा न हलणारा ठिपका दिसला तर विषय संपला, तिथूनच परत फिरा. दुरुस्ती म्हणजे सेन्सर बदलणं, आणि तो खर्च परवडत नाही.

मग लेन्सला झाकण लावून, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० वर, तीस सेकंद काळा व्हिडिओ घ्या. लाल, निळे, पांढरे ठिपके एकाच जागी चमकत राहिले तर ते हॉट पिक्सेल. दोनचार असतील तर घाबरू नका. मेनूतलं सेन्सरचं ‘क्लीन मॅन्युअली’ चालवून मिनिटभराने कॅमेरा बंद केला की कॅननमध्ये ते बहुतेक वेळा झाकले जातात. तिथेच करून बघा. लेन्सचं छिद्र एफ/१६ एवढं बारीक ठेवून आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ करड्या डागांसारखी दिसेल. धूळ साफ होते, तिच्यावरून फक्त भाव पाडायचा.

लेन्स काढून टॉर्च एका बाजूने आत मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या दिसल्या तर बुरशी. चार पावसाळे बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. बुरशीची लेन्स घेऊ नका, बॉडीचा वेगळा भाव करा.

स्क्रीनची बिजागरी हा या कॅमेऱ्याचा कच्चा दुवा. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर समोरचं चित्र) चालू ठेवून स्क्रीन उघडा, पूर्ण फिरवा, बंद करा, पुन्हा उघडा. मध्येच काळी पडली किंवा लुकलुकली तर आतली पट्टी तुटायला आली आहे. माइक जॅकमध्ये तुमचा माइक लावा, माइकवरचा स्वीच ‘कॅमेरा’वर ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करून बोला आणि बोलताना पिन हलक्या हाताने गोल फिरवा. मग तो तुकडा लॅपटॉपवर हेडफोन लावून ऐका. खरखर आली किंवा आवाज एकाच कानात गेला तर जॅक सैल आहे, आणि माइकसाठीच तर आपण हा कॅमेरा घेतोय. शेवटी फुल एचडीत सलग वीस मिनिटं रेकॉर्ड करू द्या. तोवर चहा घ्या, बिल आणि खोका मागा, खालचा सीरियल नंबर बिलाशी जुळवा. वीस मिनिटांत कॅमेरा स्वतःहून बंद पडला नाही, बॅटरी निम्म्याच्या खाली कोसळली नाही, कार्डवर फाइल पूर्ण आली, की झालं.

शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले ते, विचारा, पण त्यावर अडून बसू नका. तुम्हाला फोटो काढायचे नाहीत. पैसे यूपीआयने द्या आणि वहीच्या पानावर नाव, सीरियल नंबर, तारीख, सही घ्या. भाव खाली येत नसेल तर त्यांच्याकडचा जुना ट्रायपॉड किंवा एक जास्तीची एलपी-ई१७ बॅटरी त्याच ३० हजारांत मागा. लग्नवाल्यांकडे या दोन गोष्टी ढिगाने पडलेल्या असतात. बॅटरी मूळ कंपनीचीच आहे का ते पाहा. नकली एलपी-ई१७ कधीकधी मूळ चार्जरवर चार्जच होत नाही, आणि हा कॅमेरा यूएसबीने चार्ज होत नाही.

लेन्सबाबत कुणीतरी तुम्हाला लगेच ‘५० एमएम १.८ घ्या, मागचं मस्त ब्लर होतं’ असं सांगेल. आजीच्या खोलीचा हिशेब मांडा. कॅमेरा कोपऱ्यात, आजी आठ फुटांवर. या सेन्सरवर ५० एमएममध्ये तिथे जेमतेम साडेतीन फूट रुंदी मावते, म्हणजे आजी आणि तिचा पाट. नातू शेजारी बसला की बाहेर. २४ एमएमला सुमारे साडेसात फूट मिळतात, आणि सोबतच्या १८-५५ किट लेन्सच्या १८ ला जवळपास दहा फूट. (तीच १८ फोर केमध्ये साधारण सव्वासहा फुटांवर येते.) म्हणून पहिली फिल्म किट लेन्सवर करा. पुढे कधी पैसे आले तर कॅननची २४ एमएम एफ/२.८ वापरलेली शोधा. चपटी, हलकी, घरातल्या शॉटना नेमकी.

आवाजाला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पत्र्याचं घर आवाजाला फार वाईट. दुपारी पत्रा तापून तडतडतो, फरशी घुमते, आणि मेमध्ये कूलरशिवाय कुणी बसत नाही. कूलर टेकपुरता बंद करायचा, दोन टेकच्या मध्ये चालू. फ्रीजचं बटण बंद केलं तर बाइकची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे जाताना तो चालू करायची आठवण राहते. चौकटीत न दिसणाऱ्या भिंतींवर गोधड्या टांगा, खाली सतरंजी घाला. घुमण्याला यापेक्षा स्वस्त औषध नाही.

कॅमेऱ्यावर बसवलेला माइक, कितीही भारी असला, तरी आठ फुटांवरून खोलीच टिपणार. माइक माणसाजवळ नेणं हाच उपाय. दोन कॉलर माइक घ्या, बोया बीवाय-एम१ सारखे, आणि ते कॅमेऱ्याला न जोडता प्रत्येक नटाच्या खिशातल्या किंवा कमरेला बांधलेल्या फोनला जोडा. माइकवरचा स्वीच ‘स्मार्टफोन’वर, फोन फ्लाइट मोडवर, रेकॉर्डिंग अॅपमध्ये डब्ल्यूएव्ही आणि ४८ किलोहर्ट्झ. फोनला गोल जॅक नसेल तर यूएसबी-सी कन्व्हर्टर लागेल. सगळ्यात स्वस्त कन्व्हर्टरमध्ये आवाजाची चिप नसते आणि काही फोनवर माइक ओळखलाच जात नाही, म्हणून दुकानातच लावून बघा. माइकमध्ये बटणासारखा एलआर४४ सेल असतो, तो माइक कॅमेऱ्याला लावून स्वीच ‘कॅमेरा’वर ठेवला की लागतो. तो उतरला की आवाज बारीक, फसफसता होतो आणि दोष कुणाला कळत नाही. चार सेल जास्तीचे ठेवा.

माइक हनुवटीपासून वीतभर खाली. आजीला सुती लुगडं नेसवा. नायलॉन, पॉलिस्टर अंगावर सरकलं की प्रत्येक हालचालीला खसखस येते आणि ती एडिटिंगमध्ये निघत नाही. माइक कापडाच्या आत लपवायचा असेल तर मेडिकलमधली कापडी चिकटपट्टी माइकच्या दोन्ही अंगांना लावून तो कापडालाही आणि अंगालाही चिकटवा, म्हणजे दोघांमध्ये घासत नाही. वायरला एक सैल फास देऊन ठेवा, ओढ थेट माइकवर येत नाही. फार खोल दडपलात तर ‘स’ आणि ‘श’ बुजतात, आणि ‘काय करी राहिना रे भाऊ’ एवढं साधं वाक्यसुद्धा तोंडात घास धरून म्हटल्यासारखं वाटतं.

कॅमेऱ्यावर एक लहान शॉटगन माइक ठेवा. त्याचा आवाज शेवटी वापरायचा नसतो, जुळणीपुरता. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला चौकटीत एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये टाळीच्या टोकावर दोन्ही आवाज जुळवायचे. हाच लहान माइक तीन मीटरच्या एक्स्टेन्शन वायरने बांबूच्या टोकाला बांधला की बूम झाला, आणि चौकटीच्या अगदी वरून, दीड-दोन फुटांवरून धरला तर कॉलर माइक बिघडलेला सीन वाचतो. कॅमेऱ्यात आवाज ‘ऑटो’ नको, ‘मॅन्युअल’ करा आणि मोठ्यातला मोठा संवाद उणे १२ डेसिबलच्या आसपास उसळेल एवढीच पातळी ठेवा. ऑटोवर दोन संवादांमधली शांतता कॅमेरा स्वतःच वर ओढतो, आणि आजी गप्प बसली की पंख्यासारखा फस्स आवाज चढतो.

हेडफोन जॅक नसल्याचा तोडगा: पहिला टेक झाला की कार्ड ओटीजीने दुसऱ्या फोनला लावून हेडफोनने ऐका, आणि दोन्ही नटांच्या फोनमधलंही. प्रत्येक नवीन जागेला एकदा. दहा मिनिटं जातात. जाऊ द्या. आणि जागा सोडण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची अर्ध्या मिनिटाची नुसती शांतता रेकॉर्ड करा, संवादांमधली भगदाडं तीच बुजवते.

ऊन. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवायचं असतं, म्हणजे चालणं-वळणं डोळ्याला नेहमीसारखं दिसतं. पण मेच्या भरदुपारी आयएसओ १०० आणि शटर १/५० म्हणजे एफ/२२ वर जावं लागतं. तिथे चित्र मऊ पडतं आणि सेन्सरवरचा प्रत्येक धूलिकण दिसतो. नवखे इथे शटर १/१००० करतात आणि मग केळीची पानं धडधड तुटक हलताना दिसतात. लेन्ससमोर ५८ मिलिमीटरचा एनडी१६ फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळपट काच, लावा, उजेड चार स्टॉप म्हणजे सोळा पट कमी होतो, एफ/५.६ वर काम होतं. फिरवता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा, पण एनडी४०० पर्यंत जाणारा स्वस्तातला नको. टोकाला नेला की चित्रावर काळी फुली उमटते आणि चेहरे हिरवट-पिवळे पडतात. एनडी२ ते एनडी३२ एवढीच मर्यादा लिहिलेला बघा.

केळीच्या बागेत रंगाचा एक वेगळाच घोळ होतो. दाट बागेत उजेड पानांतून गाळून येतो आणि चेहरे हिरवे पडतात. ऑटो व्हाइट बॅलन्स ते हिरवं मारायला गुलाबी ओततो, आणि नट दोन पावलं उघड्यावर आला की पुन्हा बदलतो. एकाच सीनमध्ये आजी तीन रंगांची. म्हणून ऑटो बंद. नट उभा राहणार त्या जागेवर पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स करा आणि सीन संपेपर्यंत हात लावू नका. आपली काळी जमीन उजेड परत देत नाही. भर उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्याठिक्कर दिसतात ते त्यामुळेही. चौकटीच्या खाली, नटाच्या पायाशी जुनं पांढरं धोतर अंथरा. फरक स्क्रीनवर लगेच दिसेल.

तरीही अकरा ते चार या वेळात बाहेर शूटिंग ठेवूच नका. कॅमेऱ्याची कामाची मर्यादा कंपनीने ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस सहज असतो, आणि उन्हातली काळी बॉडी त्याहून तापते. स्क्रीनवर लाल थर्मामीटर आला की रेकॉर्डिंग लवकरच आपोआप थांबणार. छत्री कॅमेऱ्यावर धरा, दोन टेकमध्ये कॅमेरा बंद करा, लाइव्ह व्ह्यू चालू ठेवून गप्पा मारू नका. तापलेला कॅमेरा बर्फाजवळ किंवा थेट कूलरच्या तोंडाशी नेऊ नका, आत दमट हवा जाते. सावली पुरते. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते पावणेसात बागेत, मधल्या वेळात घरातले सीन, असं वेळापत्रक लावा. आजीचं काम करणाऱ्या बाईंचं वयही लक्षात घ्या.

कॅमेऱ्याच्या मेनूत आधी व्हिडिओ सिस्टीम ‘पाल’ करा, नाहीतर २५ फ्रेमचा पर्यायच दिसत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/५० च्या शटरमध्ये बरोबर दोन ठोके मावतात आणि उजेड स्थिर दिसतो. ३० फ्रेमला १/६० लावलं की भिंतीवर पट्टे सरकू लागतात. स्वस्त एलईडी, विशेषतः डिमरवर चालणारे, यालाही जुमानत नाहीत, म्हणून दिवा विकत घेताना दुकानातच कॅमेरा रोखून बघा. पुढे कुणी २४ फ्रेमची डीसीपी मागितली तर फिल्म चार टक्के हळू करायची; १२ मिनिटांची साडेबारा होते, कुणाला कळत नाही. मोड डायल एम वर, आयएसओ घरात १६०० पर्यंत निर्धास्त, ३२०० नाइलाज असेल तरच. नट जागच्या जागी बसून बोलत असेल तेव्हा मूव्ही सर्व्हो एएफ (सतत चालणारा ऑटोफोकस) बंद ठेवा, नाहीतर मागून कोंबडी गेली तरी फोकस तिच्यामागे जाईल.

दिव्यांना फार पैसे नकोत. दार-खिडकीचा उजेड एका बाजूने घ्या, दुसऱ्या बाजूला पांढरा कार्डशीट. रात्रीच्या सीनला दोन जास्त वॉटचे एलईडी बल्ब, होल्डर-वायर, आणि समोर हातभर अंतरावर पांढरं पातळ कापड. एका खोलीत पिवळा आणि पांढरा बल्ब एकत्र लावू नका.

पैशांची वाटणी अशी बसते: कॅमेरा-लेन्स २८ हजार, दोन कॉलर माइक, शॉटगन आणि वायरी मिळून ४ हजार, ट्रायपॉड ४ हजार, एनडी फिल्टर २ हजार, दोन ६४ जीबी कार्डं २ हजार, जास्तीची बॅटरी दीड हजार, बल्ब-होल्डर-कापड दीड हजार, चिकटपट्टी, सेल आणि किरकोळ ५००. दीड हजार हातात राहतात, ते राहू द्या. ट्रायपॉड फार हलका घेतलात तर मधल्या दांड्याला विटांची पिशवी टांगा. कार्ड व्ही३० लिहिलेलं, बिलावर घ्या आणि शूटिंगच्या आधी एकदा काठोकाठ भरून फाइली उघडून बघा. नकली कार्ड निम्म्यावर आल्यावरच गंडतं. एका शॉटचे सरासरी आठ टेक धरले तरी तुमचं सगळं फुटेज २५ जीबीच्या आत राहील, त्यामुळे दररोज रात्री लॅपटॉप आणि एक पेन ड्राइव्ह अशा दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

भुसावळचा सौदा फिसकटला तर पुढचा पर्याय वापरलेला कॅनन एम५०. माइक जॅक, फिरती स्क्रीन आणि व्हिडिओतही चालणारा व्ह्यूफाइंडर आहे, उन्हात त्याचा फायदा. त्यालाही फुल एचडीतच चालवायचा. त्याच्या माउंटच्या लेन्स कॅननने बंद केल्या आहेत, म्हणून कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स बसवायचा अडॅप्टर सोबत मिळत असेल तरच घ्या. आणि परीक्षेच्या गडबडीत तोही जमला नाही, तर तुमच्या चौघांपैकी ज्याचा फोन सगळ्यात चांगला त्याच्यावर करा, वर सांगितलेले कॉलर माइक, ट्रायपॉड आणि गोधड्या तशाच ठेवून. कॅमेरा अॅपमध्ये फ्रेम रेट आणि शटर हाताने २५ आणि १/५० ला बांधता येतं का ते बघा. ब्लॅकमॅजिकचं फुकट अॅप काही अँड्रॉइड फोनवर चालतं. फोनचा फ्रेम रेट नेहमी थोडा खालीवर होत राहतो आणि लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज सुटत जातात. म्हणून एडिटिंगला घेण्याआधी प्रत्येक क्लिप हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ २५ वर बदलून घ्या, मगच टाळी जुळवा.